महागडी स्टिरिओ सिस्टीम घरात आहे, आता पुढे काय बदलायचं?

अ‍ॅम्प्लिफायर चांगला, स्पीकर नावाजलेले, टर्नटेबल किंवा स्ट्रीमरही साधा नाही. तरी हाय-एंड ऑडिओचा नाद लागलेल्यांना दर वर्ष-दोन वर्षांनी एक प्रश्न छळतोच: आता पुढे काय बदलायचं? प्रश्न महागडा आहे. या पातळीवर एकेका वस्तूची किंमत लाखाच्या पुढे जाते, आणि निवड चुकली तर जुनी वस्तू विकताना मोठा फटका बसतो.

दुकानात याचं उत्तर बहुतेक वेळा एखाद्या नव्या खोक्याच्या रूपात मिळतं. खरं उत्तर मात्र एका साध्या प्रश्नापासून सुरू होतं: आत्ता नेमकं काय खटकतंय? डग्गा घुमतो, गायकाचा आवाज कर्कश लागतो, की मोठ्या आवाजात सगळं एकमेकांत मिसळतं? तक्रार सांगता येत नसेल, तर पैसे खर्च केल्यावर ती दूर झाली की नाही हेही कळणार नाही.

सोर्स आधी की स्पीकर आधी?

हा वाद जुना आहे. १९७०च्या दशकात स्कॉटलंडच्या लिन कंपनीने, म्हणजे तिचे संस्थापक आयव्हर टिफेनब्रन यांनी, 'सोर्स आधी' हा विचार लावून धरला. टर्नटेबलवरच जे हरवलं, ते पुढचा कुठलाही अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर परत आणू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. रेकॉर्डच्या बाबतीत तो आजही बराचसा खरा आहे. मोटरची थरथर, वेगातला चढउतार, सुईची झीज हे सगळं थेट ऐकू येतं.

पण १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि गणित बदललं. १६ बिटच्या सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल असू शकतं. दिवाणखान्यात एवढं अंतर क्वचितच वापरलं जातं. आज मध्यम किमतीच्या चांगल्या डॅकमधला, म्हणजे डिजिटल सिग्नलचं अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्रातला, दोष कानाच्या मर्यादेखाली असतो. चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमधली विकृतीही एका टक्क्याच्या छोट्याशा अंशाइतकी असते. याउलट मोठ्या आवाजात खालचे स्वर वाजवताना स्पीकरमधली विकृती काही टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे डिजिटल संगीत ऐकणाऱ्याने दोन लाखांचा नवा डॅक घेणं हा बहुतेक वेळा सर्वांत कमी फरक पाडणारा खर्च ठरतो.

ज्याचं बिल येत नाही तो घटक: खोली

सर्वांत मोठा फरक पाडणारी गोष्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही. १२ बाय १० फुटांची खोली घ्या, शहरातल्या फ्लॅटमध्ये असते तशी. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी बरोबर मावते, त्या स्वराला खोली फुगवते. १२ फुटांच्या लांबीला हा आकडा सुमारे ४७ हर्ट्झ येतो, १० फुटांच्या रुंदीला ५६. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे तिचे पुढचे काही स्वर नेमके इथेच सापडतात. बसण्याच्या जागेनुसार अशा स्वरांमध्ये १० डेसिबल किंवा त्याहून जास्त चढउतार होतो. १० डेसिबल म्हणजे कानाला साधारण दुप्पट आवाज. दोन चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक याच्या जवळपासही जात नाही.

आपल्याकडच्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती यात भर घालतात. लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या अमेरिकी घरांच्या भिंती थोड्या हलतात आणि खालचे स्वर काही प्रमाणात शोषतात. काँक्रीट ते जवळजवळ सगळे परत फेकतं. त्यात गुळगुळीत टाइल्स आणि काचेच्या खिडक्या. रिकाम्या कोपऱ्यात टाळी वाजवली की जी झणझण ऐकू येते, तीच तानपुऱ्याच्या जवारीवरही चढते.

गालिचा, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी ही झणझण कमी होते. डग्ग्याचा घुमारा मात्र त्यांना दाद देत नाही. ४७ हर्ट्झच्या लहरीची लांबी ७ मीटरहून जास्त असते, तिच्यापुढे दोन इंची फोम म्हणजे काहीच नाही. (अंड्याच्या ट्रे भिंतीला चिकटवणाऱ्यांनी तर हा नाद सोडलेलाच बरा.) इथे जागा बदलणं कामाला येतं. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर खालचे स्वर हमखास फुगतात. तो खोलीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशाइतका पुढे घेतला आणि स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढले, तर फरक लगेच ऐकू येतो. घरच्यांची परवानगी मिळवणं हा यातला सर्वांत अवघड भाग.

कान पुरत नसतील तर मोजमाप करता येतं. त्यासाठी 'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि यूएसबीवर चालणारा मोजमापाचा मायक्रोफोन काही हजारांत मिळतो. 'डिरॅक'सारखी रूम करेक्शन प्रणाली फुगलेले स्वर खाली आणते. खोलीत जे स्वर जवळजवळ नाहीसेच होतात, ते मात्र ती भरून काढू शकत नाही.

मग अ‍ॅम्प्लिफायर कधी बदलायचा?

५० वॉटचा काढून १०० वॉटचा आणला तर मिळतात फक्त ३ डेसिबल. स्पीकरची संवेदनशीलता कमी असेल, म्हणजे ८३-८४ डेसिबल, त्याचा इम्पीडन्स काही स्वरांना ३-४ ओहमपर्यंत खाली येत असेल किंवा दिवाणखाना मोठा असेल, तर ताकदवान अ‍ॅम्प्लिफायरचा उपयोग आहे. नाहीतर ते पैसे स्पीकरसाठी राखून ठेवावेत.

केबलचं गणित त्याहून छोटं आहे. घराच्या वायरिंगमध्ये वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर लांब टाकली, तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.१ ओहमपेक्षाही कमी भरतो. ८ ओहमच्या स्पीकरला तेवढं पुरतं.

नवं घेण्याआधी जुनं तपासणंही आलं. सुई हजारेक तास वाजली असेल तर ती बदलायला झालेली असते. जुन्या स्पीकरच्या कोनभोवतीची फोमची कड पंधरा-वीस वर्षांत भुगा होते, आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत ती लवकरच तपासलेली बरी. ती बदलून घेता येते.

ऐकून ठरवायचं, पण कसं?

१९९४ मध्ये हार्मन कंपनीतले संशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर श्रोत्यांना दोनदा ऐकवले, एकदा दिसतील असे आणि एकदा पडद्याआड. स्पीकर दिसत असताना दिलेले गुण पडद्याआडच्या गुणांपेक्षा वेगळे निघाले. अनुभवी कानही यातून सुटले नाहीत.

दुसरा सापळा आवाजाच्या पातळीचा. जरासं मोठं वाजणारं यंत्र नेहमी जास्त छान वाटतं, म्हणून तुलना करताना दोन्हींची पातळी मीटरने जुळवून घ्यावी लागते. दुकानातली खोली आणि घरची खोली यांचा तर संबंधच नसतो. स्पीकर दोन-चार दिवस घरी नेऊन ऐकण्याची सोय विक्रेता देतो का, हे किमतीची घासाघीस सुरू करण्याआधी विचारावं. घरी आणल्यावर पाठ असलेली ध्वनिमुद्रणंच लावावीत: तानपुरा, एकटा गळा, तबला. यंत्रं बदलण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं आणि आत्ता कुठलं वाजतंय ते त्याने सांगू नये.