तळटीप : विहिरीच्या कड्यामागचे पाणी

मूळ मजकुरात काँक्रीटचे कडे विहिरीतल्या पाण्याने फुटल्याचे म्हटले आहे. कारण बहुधा उलटे असते. बीड जिल्ह्यात कडे वरची माती आणि मुरूम धरते, खाली काळा पाषाण लागतो. पावसाळ्यात मुरूम पाण्याने तुडुंब भरतो आणि मोटार लावून विहीर झटपट उपसली की आतला आधार जातो. मागे पाणी काठापर्यंत असेल तर १० मीटर खोलीवर चौरस मीटरला सुमारे १० टन दाब येतो. मग कडे जाडच का करू नये? खोल खाणीच्या शाफ्टला ते करावे लागते, तिथे पाणी शत्रू. इथे तर खणले पाण्यासाठीच! म्हणून कड्यात भोके ठेवतात, पाणी आत झिरपते, दाब उतरतो. भोकांतून माती येते हा आक्षेप खरा, पण मागे खडी भरली की ती बरीच अडते. गिलावा करताना ही भोके बुजवू नयेत.