डोनाल्डची विहीर

मुलांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. बखरीत बाळराजे येतात ते पुढे गादीवर बसायचे असतात म्हणून. ज्या पोराला आपले दुखणेसुद्धा सांगता येत नाही, त्याची नोंद ठेवायची कोणी? म्हणूनच १९३८ साली एका अमेरिकन वकिलाने आपल्या मुलाविषयी लिहिलेल्या ३३ पानी पत्राला मी इतिहासातला एक मोलाचा दस्तऐवज मानतो.

गाव फॉरेस्ट, मिसिसिपी राज्यातले. वकिलाचे नाव बीमन ट्रिप्लेट, पत्नीचे मेरी. त्यांचा डोनाल्ड १९३३ साली जन्मला. वर्षाचा असताना तो गाण्यांच्या चाली बिनचूक गुणगुणे. दोन वर्षांचा होईतो बायबलातले एक स्तोत्र आणि धर्मशिक्षणातली २५ प्रश्नोत्तरे त्याला तोंडपाठ झाली होती. पण घरी कोण आले, कोण गेले, याची त्याला दखल नसे. ठोकळे आणि भांडी भिंगरीसारखी गरगर फिरवण्यात तो रमे. त्यात कोणी आडवे आले की आकांत करी.

हवापालट व्हावा म्हणून ऑगस्ट १९३७ मध्ये, चार वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, त्याला क्षयप्रतिबंधासाठी चालवलेल्या एका बालआरोग्यधामात ठेवण्यात आले. तेथे तो वर्षभर राहिला. त्याचे वजन वाढले. त्याचबरोबर मान एकसारखी या कुशीवरून त्या कुशीवर हलवण्याची सवय लागली. वजनाचा आकडा कागदावर शोभून दिसतो, मानेची हालचाल मात्र कोणत्या रकान्यात लिहावी? मुलगा ठीक आहे, त्याला इथेच राहू द्या, असे संस्थाचालकांचे मत पडले. आईबापांनी ते मानले नाही. ऑगस्ट १९३८ मध्ये त्यांनी त्याला घरी आणले, आणि ऑक्टोबरात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. लिओ कॅनर यांच्यापुढे उभे केले.

कॅनरसाहेबांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यातला पहिला डोनाल्ड. ज्या अवस्थेला आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो, तिचे हे गाजलेले पहिले वर्णन. (मॉस्कोच्या डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्येच अशा काही मुलांविषयी लिहून ठेवले होते. पण तिकडे जगाचे लक्ष फार उशिरा गेले.) ही मुले जन्मतःच अशी असावीत, असे कॅनर यांनी त्या लेखात म्हटले होते. पण त्याच लेखात आईबापांच्या थंडपणावरही बोट ठेवले होते. आणि १९४९ साली तर त्यांनी अशा घराला शीतकपाटाची उपमा दिली. उपमा मोठी चटकदार असली की तिला पाय फुटतात. हीही गावोगाव फिरली.

तिला सिद्धान्ताचे रूप दिले शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी. हा गृहस्थ स्वतः १९३८-३९ मध्ये डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या नाझी छावण्यांत कैद भोगून आलेला. छळाने माणूस कसा आतल्या आत मिटतो, ते त्याने पाहिले होते. त्यावरून १९६७ च्या ग्रंथात त्याने असे मांडले, की स्वमग्न मूलही असेच जुलमाला भिऊन मिटलेले असते. आणि तो जुलूम म्हणजे नकोसे झालेल्या मुलाविषयीची आईबापांची भावना! मग उपचार काय? तर मुलाला घरापासून तोडणे. नसलेल्या जखमेवर इलाज म्हणून खरी जखम करण्याचा हा प्रकार मला या साऱ्या इतिहासात सर्वांत क्रूर वाटतो. रात्र रात्र जागून मूल सांभाळणाऱ्या किती आयांनी स्वतःलाच अपराधी ठरवले असेल, ते कोण मोजणार!

या मताला पहिला मोठा धक्का दिला तो बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, १९६४ मध्ये. तो स्वतः स्वमग्न मुलाचा बाप होता. कॅनर यांनीही १९६९ साली पालकांच्या मेळाव्यात आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. एकरूप जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघेही स्वमग्न निघाले. भिन्नरूप जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही जोडीत तसे आढळले नाही. मूळ आनुवंशिकतेत आहे, आईच्या मायेत नव्हे, हे दिसून आले.

पण याच रटर यांच्यापुढे पुढे एक कोडे आले. १९८९ अखेर रुमानियातली चाउशेस्कूची सत्ता कोसळली आणि तिथल्या अनाथालयांचे दरवाजे उघडले. वर्षानुवर्षे पाळण्यांत पडून राहिलेली, कोणी कडेवर न घेतलेली ती मुले. रुमानियातून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा काहींची वागणूक हुबेहूब स्वमग्न मुलासारखी आढळली. मायेच्या घरात त्यांतल्या काहींची लक्षणे वर्षागणिक सौम्य होत गेली. म्हणजे घोर उपेक्षेने मूल स्वमग्नासारखे दिसू शकते. पण त्यावरून प्रत्येक स्वमग्न मूल उपेक्षित, असे ठरत नाही. ताप हिवतापातही येतो नि गोवरातही!

तीसएक वर्षे विद्वान मंडळी ‘आघाताने मूल स्वमग्न होते का?’ याच प्रश्नावर भांडत राहिली. खरा विचारायचा प्रश्न दुसराच होता: स्वमग्न मुलावर आघात झाला तर त्याचे काय होते? आज त्याचे उत्तर बरेच उमगले आहे. अशा मुलाची ज्ञानेंद्रिये पुष्कळदा फार तीक्ष्ण असतात. आपल्याला साधा वाटणारा आवाज त्याच्या कानात सुरीसारखा घुसतो. ठरलेला क्रम, ठरलेली वाट, ठरलेली वाटी हा त्याचा आधाराचा दोर. घर बदलले, आजी गेली, शाळेत पोरांनी छळले, की तो दोर तुटतो. भीती वाटते, पण सांगायला शब्द नसतात. मग ती दुसऱ्या वाटेने बाहेर पडते: झोप उडते, अन्न सुटते, आलेले शब्द जातात, मूल भिंतीवर डोके आपटते. आणि मोठी माणसे म्हणतात, “त्याचे तसेच आहे!” या एका वाक्याने सारा शोध थांबतो. डोनाल्डच्या मानेचेही असेच झाले नसेल कशावरून?

त्या डोनाल्डचे पुढे काय झाले? १९४२ मध्ये त्याला गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. आईबाप काही मैलांवरच होते. १९४५ साली कॅनर तिथे जाऊन पाहतात तो काय, मुलगा सुखात! त्याला मोजमापाचे वेड. शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली आणि खोली किती झाली ते सांगण्याचे काम दिले. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजतो? मग नांगरता नांगरता मोज! ज्या वेडासाठी दुसऱ्याने मार दिला असता, त्याचेच या माणसाने काम केले. पुढे डोनाल्ड १९५८ मध्ये पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवू लागला, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला.

त्या ११ मुलांचे पुढे काय झाले, ते कॅनर यांनी १९७१ मध्ये लिहिले. सरकारी इस्पितळांत आयुष्य घालवलेल्या चौघांचे तेज विझून गेले होते. अशा ठिकाणी मूल टाकणे म्हणजे जन्मठेपच, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आपल्याकडे १९९९ च्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव आले, २०१६ च्या कायद्याने तिला अपंगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. कायदा झाला, ठीकच; पण शेतकऱ्याची ती समज कायद्याने येत नाही. ती शेजाऱ्यांना यावी लागते. या चार दिवसांत आपल्याही आळीत एखादे मूल लवंगीच्या आवाजासरशी कान दाबून पलंगाखाली शिरेल. त्याला भित्रे म्हणू नये, त्याच्या आईला काही शिकवू नये. आपल्या मुलांना तेवढे सांगावे: फटाके जरा पलीकडच्या मैदानात. पणत्या मात्र त्याच्या दारात खुशाल लावाव्यात. आणि तो त्या पुन्हा पुन्हा मोजत बसला, तर किती भरल्या ते त्यालाच विचारावे.