पिस्तुलाची पारख

वाचकहो, बैल घ्यायला बाजारात गेलेला शेतकरी नुसत्या शिंगांच्या डौलावर भुलत नाही. दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. नेमबाजीच्या पिस्तुलाची पारखही अशीच करायची असते, आणि ती का करायची हे इतिहासातून चांगलं उमगतं.

आपल्या बारामती तालुक्यातलं सुपे आणि शेजारचं इंदापूर ही दोन्ही नावं भोसल्यांच्या जहागिरीत येतात. त्या काळातली बंदूक तोड्याची. चाप दाबला की पेटती जामगी रंजकावर टेकायची, रंजक पेटायची, मग कानातून आग आत जाऊन बार उडायचा. या खटाटोपात जो क्षण जाई, त्यात हात हलला की नेम चुकलाच. चाप सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतचा हा वेळ कमी करणं हाच पुढच्या कारागिरांचा ध्यास झाला. आजच्या पिस्तुलात तो डोळ्याचं पातं लवण्याहूनही थोडा असतो.

पुढं पिस्तूल खेळात आलं. १८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरलं, तेव्हा अमेरिकेचे जॉन आणि समनर पेन हे सख्खे भाऊ पिस्तुलाच्या दोन स्पर्धांत पहिले आले. त्यांच्या हातात होती लष्करी धाटणीची रिव्हॉल्व्हरं. खास खेळासाठी घडवलेली, हाताच्या मापाची मूठ असलेली पिस्तुलं नंतरची.

पण हत्यारच सगळं करतं असं मात्र समजू नका. हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्ब फुटून निकामी झाला. त्यांनी डाव्या हातानं सराव केला आणि १९४८ ला लंडनला व १९५२ ला हेलसिंकीला सुवर्णपदक मिळवलं. पिस्तूल हाताला जुळावं लागतं आणि हात घडवावा लागतो, या दोन्ही गोष्टी खऱ्या.

स्त्रियांसाठी पंचवीस मीटर पिस्तुलाची स्पर्धा ऑलिंपिकमध्ये १९८४ ला आली. दहा मीटर हवेच्या पिस्तुलाची १९८८ ला. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २००८ साली पुण्याला भरलेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. २०१३ ला कोरियातल्या चांगवॉनच्या विश्वचषकात त्या पहिल्या आल्या. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या खेळाडूशी चौतीस-चौतीस अशी बरोबरी झाली. जादा फेरीतही पुन्हा बरोबरी, आणि दुसऱ्या जादा फेरीत राही यांनी सुवर्ण घेतलं. अशा वेळी एका गोळीचा फरक असतो. तिथं पिस्तुलानं दगा देऊन चालत नाही.

दगा दिला तर काय होतं, हेही बघा. २०२१ मध्ये टोकियोला मनू भाकर यांचं हवेचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. त्याच मनू यांनी २०२४ ला पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं मिळवली.

आता पारख कशी करायची ते सांगतो. हवेच्या पिस्तुलाचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, वजन दीड किलोच्या आत, आणि एकाच हातानं नेम धरायचा. पहिली परीक्षा मुठीची. मूठ धरा, डोळे मिटा, हात उचला, डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप बसली असेल तर मूठ हाताची. थोडी कमीजास्त असेल तर लाकूड कानशीनं घासता येतं. मात्र मुठीनं मनगटाला आधार दिलेला नियमात बसत नाही.

दुसरी परीक्षा चापाची. नियमाप्रमाणं चापाला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवून, नळी आभाळाकडं धरून पिस्तूल उचलतात. चाप सुटला की पिस्तूल बाद. शिवाय तो प्रत्येक वेळी एकाच जागी सुटला पाहिजे.

तिसरी परीक्षा नळीची. पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळून दहा मीटरवरून पाच छर्रे सोडा. सगळे मिळून जवळजवळ एकच भोक पडायला हवं. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे ज्वारीचे तीन दाणे ओळीनं ठेवावेत एवढं. शिकंज्यातही छर्रे पांगले, तर आधी छर्र्यांची जात बदलून बघा. तरीही पांगले तर दोष पिस्तुलात. शिकंज्यात नेमके बसले आणि हातात पांगले, तर दोष सरावाचा. नवं पिस्तूल घेऊन तो जायचा नाही.

जुनं पिस्तूल घेत असाल तर हवेच्या नळकांड्यावर छापलेली मुदत वाचा. सुटे भाग आणि दुरुस्ती कुठं मिळते तेही आधी विचारा.

गुरुजन हो, इथं तुमचं काम मोठं आहे. परदेशी पिस्तूल स्वस्त नसतं. उसाचं बिल आलं म्हणून पोराच्या हौसेपायी बापानं ते लगेच खर्ची घालू नये. आधी पुण्याच्या बालेवाडीसारख्या ठिकाणी प्रशिक्षकाच्या नजरेखाली दुसऱ्याच्या पिस्तुलावर काही महिने हात बसू द्या. मूल टिकतंय, हात स्थिरावतोय असं दिसलं, की मग खरेदीचं बोला. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियमही आधी समजून घ्या.

आणखी एक. भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. हाती हवेचं हत्यार आलं म्हणून त्यांच्यावर नेम धरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. रिकामं असलं तरी पिस्तूल भरलेलंच समजायचं आणि नळी माणसाकडं कधी वळवायची नाही, हा धडाही त्याच दिवशी. जो मुलगा किंवा मुलगी हे दोन नियम न सांगता पाळील, त्याच्या हाती पिस्तूल द्यायला हरकत नाही.