स्मारक नाणी आणि त्यांची शिकवण

नाणी जमविणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. आम्ही आयुष्यभर मुलांस इतिहास शिकविला. परंतु पुरावा कसा वाचावा हे आम्हांस अधिक चांगले शिकविले ते या छंदानेच. ज्ञातिबांधवांच्या घरोघरी डब्यांतून, देव्हाऱ्यांतून अशी नाणी पडून असतात. म्हणून हे चार शब्द.

एखाद्या व्यक्तीच्या वा घटनेच्या स्मरणार्थ पाडलेले ते स्मारक नाणे. स्वतंत्र भारतात अशी पहिली नाणी १९६४ साली निघाली. त्या वर्षी २७ मे रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंचे निधन झाले आणि त्यांची मुद्रा असलेली पन्नास पैशांची व एक रुपयाची नाणी पाडण्यात आली. पुढे १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया व दहा रुपये अशी चार नाणी आली.

पहिली शिकवण या गांधी नाण्यांचीच. त्यांवर १८६९-१९४८ ही वर्षे आहेत. पाडल्याचे वर्ष नाही. त्यामुळे ही नाणी १९४८ सालची, असे अनेकजण निःशंकपणे सांगतात. परंतु दशमान नाणी आपल्याकडे १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली. तोवर रुपयाचे सोळा आणे होत. मग १९४८ च्या नाण्यावर 'पन्नास पैसे' कोठून येणार? पुरावा नाण्यावरच असतो. तो वाचणारा डोळा मात्र हवा.

दुसरी शिकवण धातूची. गांधींच्या दहा रुपयांच्या नाण्याचे वजन १५ ग्रॅम आणि त्यात चांदी शेकडा ८०. म्हणजे १२ ग्रॅम. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे १९७२ चे दहा रुपयांचे नाणे वजनाने २२.५ ग्रॅम, पण चांदी शेकडा ५०, म्हणजे ११.२५ ग्रॅम. नाणे थोरले झाले आणि चांदी घटली! १९७४ च्या दहा रुपयांत तर तांबे व निकेलच उरले. आकारावरून मोल ठरवू नये, हे माणसांप्रमाणे नाण्यांसही लागू आहे.

तिसरी शिकवण अशी की, राष्ट्राच्या चिंताही नाण्यांवर उमटतात. १९७३ च्या नाण्यांवर अधिक धान्य पिकविण्याचे आवाहन आहे, तर १९७४ च्या नाण्यांवर नियोजित कुटुंब व सर्वांस अन्न हा संदेश. १९७२-७३ चा महाराष्ट्रातील दुष्काळ ज्यांनी सोसला, त्यांस या शब्दांचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

आता व्यवहाराची गोष्ट. जुने नाणे चिंचेने वा राखेने घासून कधीही लखलखीत करू नये. त्याने पृष्ठभाग झिजतो आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल उतरते. नेहरूंची ही नाणी निकेलची असल्याने लोहचुंबकास चिकटतात. चिकटले म्हणून नाणे अस्सलच असे नव्हे, पण चिकटलेच नाही तर शंका अवश्य घ्यावी. चांदीच्या लोभाने नाणी वितळवू नयेत. २०११ च्या नाणे कायद्याने त्यास मनाईही आहे. आणि अमुक नाण्यास लाखो रुपये देतो, त्यासाठी आधी शुल्क भरा, असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. रिझर्व्ह बँकेनेही अशा फसवणुकीविषयी ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेस इशारा दिला होता. ही नाणी विपुल संख्येने पाडलेली असल्याने चलनात झिजलेल्या सामान्य नाण्यास फार मोठी किंमत येत नाही.

मग त्यांचे मोल कशात? घरातील वडीलधाऱ्यांनी ते नाणे कधी व का जपून ठेवले, यात. ती माहिती सांगणारी माणसे हयात आहेत तोवर एका चिठ्ठीवर लिहून नाण्यासोबत ठेवावी, एवढीच आमची कुटुंबप्रमुखांस विनंती. नाणे सरकारने पाडले. त्याची कहाणी मात्र आपणच जपावयाची आहे.