हातानें भरलेली बंदूक आणि कारखान्यांतलें काडतूस

शिवाजी पार्कानजीकच्या सावरकर सदनांत १९३८ पासून अखेरपर्यंत राहिलेल्या विनायक दामोदर सावरकरांनीं १८५७ वरील आपल्या ग्रंथांत काडतुसांना मुख्य कारणाचा मान दिलेला नाहीं. स्वधर्म व स्वराज्य हींच खरीं कारणें, असें त्यांचें प्रतिपादन. तें मान्य करूनही प्रश्न उरतो, कीं कागदाच्या एवढ्याशा पुडीविषयीं इतका अविश्वास उत्पन्न व्हावाच कां?

तोड्याची बंदूक चालविणारा शिपाई शिंगांतली दारू स्वतः मापून नळींत ओती, वर गोळी टाकून गजानें ठाशी. बार कमीअधिक होत, वेळही फार लागे. पण बंदुकींत काय गेलें हें त्याला पक्कें ठाऊक असे. पुढें मापलेली दारू व गोळी एका कागदांत गुंडाळून सरकारांतून मिळूं लागली. टोंक दातांनीं तोडावयाचें, दारू ओतावयाची, गोळी ठासावयाची. जुन्या गुळगुळीत नळींत गोळी सैल उतरे. नव्या एन्फील्डच्या नळीस आंतून पेंचदार खांचा होत्या, आणि काजळी धरली कीं गोळी अडे. म्हणून काडतुसास वंगण आलें. तें कोणत्या प्राण्याच्या चरबीचें, हें शिपायानें ओळखावें कसें?

जानेवारी १८५७ च्या अखेरीस हुकूम निघाला, कीं शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण स्वतः लावावें. शहाणपणाचा हुकूम, पण उशिराचा! तोंवर संशय खुद्द कागदावर गेला होता. २४ एप्रिल रोजीं मीरतेस ९० स्वारांपैकीं ८५ जणांनीं काडतुसें नाकारलीं. तीं जुन्याच धर्तीचीं होतीं, आणि दातांऐवजीं बोटांनीं तोडण्याची मुभाही होती.

१८६६ सालीं स्नायडर बंदूक आली. ती मागून भरावयाची, व तिचें काडतूस पितळी पत्र्याचें. १८६९ सालीं खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला. हिंदी शिपायांच्या हातीं मात्र आणखी कांहीं वर्षें ठासणीचीच बंदूक ठेवण्यांत आली. अविश्वास आतां दुसऱ्या बाजूस होता.

कारखान्याचें काडतूस त्या मापाच्या प्रत्येक बंदुकींत चाललें पाहिजे, म्हणून तें कोणा एकीच्या स्वभावास अनुसरून बनत नाहीं. परदेशांतील कांहीं नेमबाज यासाठींच रिकामें पितळी कवच पुन्हां भरतात: नवी टोपी बसवितात, दारू कांट्यावर तोलतात आणि आपल्या एकाच नळीस मानवेल असें माप शोधतात. लक्ष चुकून दारू दुप्पट पडली, तर बंदूक फुटते. लाखों बार लागणाऱ्या सैन्यास हा उद्योग परवडणारा नव्हे. आणि आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें काडतुसें बनविण्यास परवाना लागतो.

कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलींत कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धेच्या बारीक काडतुसाचें पेटणारें द्रव्य कवचाच्या कडेंतच भरलेलें असतें. घोडा पडला कीं ती कड चेपते, तेव्हां तें कवच पुन्हां भरण्याजोगें राहत नाहीं. म्हणून या प्रकारांतले नेमबाज एकाच कारखान्याचे निरनिराळे घाणे आपल्या नळींतून झाडून पाहतात, आणि ज्याच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ पडतात त्याच घाण्याच्या पेट्या राखून ठेवतात.