कुटुंब, संक्षेप आणि स्वदेशी : ‘इन्सास’ रायफल व तिच्या आखूड वंशजांचा आरेखन-इतिहास

बंगळूरच्या वायव्येस, तुमकूर रस्त्याच्या कडेने पसरलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात हजारो लहान कारखाने आहेत. लेथ, साचे, स्प्रिंगा, पत्र्याचे दाबकाम अशा उद्योगांच्या या वसाहतीत सुटा भाग घडवणाऱ्या कारागिराला तो भाग अखेर कोणत्या यंत्रात बसणार, हे पुष्कळदा ठाऊक नसते. त्याच्यासमोर एक आरेखन असते आणि आरेखनावर दोन आकडे : एक माप, आणि दुसरा त्या मापात किती चूक खपेल याची मर्यादा. यंत्राचा इतिहास आपण बहुधा पहिल्या आकड्याच्या आधारे लिहितो; म्हणजे कल्पना कोणाची, आकृती कोणाची, हे विचारतो. दुसऱ्या आकड्याचा, म्हणजे कल्पना वस्तूत उतरताना तिला किती सूट मिळाली याचा इतिहास क्वचितच लिहिला जातो.

प्रस्तुत लेखात या दोन्ही आकड्यांच्या आधारे एका वस्तूचा इतिहास पाहावयाचा आहे. ही वस्तू म्हणजे पुण्यात पाषाण येथे आखली गेलेली ५.५६ मिलिमीटर ‘इन्सास’ रायफल आणि तिच्यापासून निघालेली, किंवा निघू पाहणारी, आखूड शस्त्रे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. तथापि उसनवारी, रूपांतर, संक्षेप आणि कर्तृत्व हे आपल्या शास्त्राचे चारही प्रश्न या लोखंडी संहितेत इतक्या उघडपणे उभे राहतात की, त्यांच्याकडे पाठ फिरवणे योग्य होणार नाही. शिवाय येथे पाठभेदाची किंमत छापील पानावर नव्हे, तर शस्त्र हाती धरणाऱ्या माणसाच्या देहावर मोजली जाते.

१. पूर्वपीठिका : मोजून घेतलेली रायफल

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय पायदळाच्या हाती प्रामुख्याने .३०३ बोअरची बोल्ट ओढून चालवायची रायफल होती. तिच्या जागी जी ‘सेल्फ लोडिंग रायफल’ आली, ती मुळात बेल्जियममधील ‘एफएन’ कारखान्याची ‘फाल’. भारताने ती परवान्याने नव्हे, तर नमुने मोजून, स्वतःची आरेखने करून घडविली. मूळ कारखान्याने आक्षेप घेतल्यावर पुढे समझोता झाला. हे काम ज्या संस्थेकडे होते, ती ‘आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट’ (यापुढे एआरडीई) १९५८ साली पुण्यात स्थापन झाली होती. उत्पादन बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात झाले.

या ‘मूळ’ रायफलीलाही स्वतःची एक हरवलेली संहिता आहे. तिचे आरेखक दिएदोने सेव्ह यांचा आरंभीचा नमुना दुसऱ्या महायुद्धातील जर्मन आखूड काडतुसासाठी होता. ‘नाटो’ने १९५४ च्या सुमारास लांब व जोरकस ७.६२×५१ मिमी काडतूस प्रमाण मानले, तेव्हा रायफलही त्यानुसार लांब आणि जड झाली. म्हणजे भारताने जी वस्तू मूळ म्हणून मोजली, ती स्वतःच एका आटोपशीर कल्पनेचे विस्तारित रूपांतर होती. शुद्ध मूळ शोधू जाणाऱ्याला साहित्यात जो अनुभव येतो, तोच येथेही येतो.

रायफलीच्या जोडीला आखूड शस्त्र होते ते ब्रिटिश ‘स्टर्लिंग’च्या घडणीची, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनणारी ९ मिमी कार्बाइन. ‘कार्बाइन’ हा शब्द घोडेस्वाराच्या आखूड बंदुकीसाठी फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. हिंदी-उर्दूत तो ‘कराबीन’ होऊन कधीच मुरला होता. विसाव्या शतकात घोडा गेला, पण आखूडपणाची निकड राहिली. ती आता चालक, तोफची, संदेशवाहक आणि गल्लीबोळांत शिरणारा जवान यांची होती. स्टर्लिंगमध्ये पिस्तुलाचे काडतूस असल्याने तिचा पल्ला बेताचाच. यामुळे पलटणीत दोन शस्त्रे, दोन काडतुसे आणि दोन वेगळ्या सवयी अशी स्थिती होती.

२. ‘कुटुंबा’ची कल्पना

१९८० च्या दशकात एआरडीईपुढे जे काम ठेवले गेले, ते केवळ नवी रायफल करण्याचे नव्हते. रायफल, हलकी मशीनगन आणि कार्बाइन अशी तीन शस्त्रे एकाच ५.५६×४५ मिमी काडतुसावर, शक्य तितके सुटे भाग समान ठेवून करावयाची होती. ‘इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम’ या नावातील शेवटचा शब्द यासाठीच महत्त्वाचा आहे. एका शस्त्राला नव्हे, तर एका कुळाला दिलेले हे नाव होते.

रायफलीची घडण पाहिली तर तिच्यातील ऋणे लपत नाहीत. गॅसच्या दाबाने मागे जाणारा लांब पिस्टन, फिरून कुलूपबंद होणारा बोल्ट आणि दाबलेल्या पत्र्याचा सांगाडा ही कलाश्निकोव्हची परंपरा, गॅस कमीजास्त करण्याची योजना फालची, डाव्या बाजूस पुढे असलेली ओढणी जर्मन ‘हेक्लर उंड कोख’च्या धाटणीची, पुढची पकड इस्रायली ‘गलील’ची आठवण करून देणारी. गलील स्वतः फिनलंडच्या रायफलीची ऋणी आणि ती पुन्हा कलाश्निकोव्हची. एका दाबात तीनच गोळ्या सोडण्याची मर्यादा हा तत्कालीन अमेरिकी विचार होता : घाबरलेला जवान दारूगोळा उधळतो, म्हणून यंत्रानेच त्याचा हात आवरावा.

यावरून ‘इन्सास’ला नक्कल म्हणून निकालात काढणारी टीका पुष्कळ झाली. ती मला उथळ वाटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उसन्या अवयवांवाचून उभी राहिलेली लष्करी रायफल दाखविणे अवघड आहे. खरा प्रश्न उसनवारीचा नसून सांध्यांचा आहे. चार परंपरांतून घेतलेले अवयव एकमेकांशी कसे बोलतात? कलाश्निकोव्हची विश्वासार्हता केवळ पिस्टनमुळे येत नाही. भागांमध्ये सोडलेल्या सैल अंतरामुळे येते. धूळ, तेल, काजळी यांना त्या अंतरात जागा मिळते. आकृती घेतली आणि सूट घेतली नाही, तर रूपांतरात शब्द येतात, पण वाक्याची लय येत नाही.

३. विलंब आणि अनुभव

रायफलीच्या आधी काडतूस हवे आणि नव्या काडतुसाचे पुरेसे उत्पादन वेळेवर उभे राहिले नाही. पुढे हा भार पेलणाऱ्या कारखान्यांत जळगाव जिल्ह्यातील वरणगाव आणि पुण्याजवळील खडकी यांचा समावेश होतो. मधल्या काळात, १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, काश्मीरमधील निकडीपोटी सुमारे १ लाख कलाश्निकोव्ह धाटणीच्या रायफली परदेशातून आणाव्या लागल्या. पाहुणी आधी घरात शिरली आणि घरची लेक मागून आली, असा हा प्रकार. पुढे जवान दोघींची तुलना करू लागला, ती याचमुळे.

१९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ‘इन्सास’ लोकांपुढे आली आणि १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या शिखरांवर तिची परीक्षा झाली. थंडीत प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे जाणे, गोळी अडकणे, तीन गोळ्यांच्या मर्यादेवर ठेवलेली रायफल अखंड मारा करू लागणे, तेलाचा शिडकावा डोळ्यांवर येणे अशा तक्रारी तेथून प्रसिद्ध झाल्या. सुधारित आवृत्ती त्यानंतर आली. ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात ४३ सैनिक मारले गेले, तेव्हा नेपाळी सैन्याने भारतीय रायफलीला दोष दिला आणि भारतीय बाजूने वापरातील त्रुटींकडे बोट दाखविले.

या तक्रारींचे स्वरूप बारकाईने पाहावयास हवे. त्यांतील बहुतेक कल्पनेच्या नव्हेत, मापांच्या आणि पदार्थांच्या आहेत. प्लास्टिक कोणते, साचा किती काटेकोर, चापाच्या यंत्रणेतील लहान तुकड्यांचे उष्णतासंस्करण कसे, आणि ईशापूर, कानपूर व तिरुचिरापल्ली अशा निरनिराळ्या कारखान्यांत बनलेला तोच भाग खरोखर ‘तोच’ आहे काय? एकाच पोथीच्या अनेक नकला वेगवेगळ्या लेखनिकांनी केल्या की पाठभेद अटळ असतात. पाठचिकित्सेत अशा भेदांतून आपण परंपरेचा नकाशा काढतो. चौकीवरच्या शिपायाला मात्र त्याच्या हाती आलेली एकच प्रत वाचावी लागते.

४. आखूड वंशजांचा प्रश्न

कुटुंबातील रायफल आणि मशीनगन सेवेत आल्या. कार्बाइन मात्र अडली. याचे कारण या लेखाच्या गाभ्याशी आहे.

रायफलीची नळी ४६४ मिमी लांब आहे. ५.५६×४५ मिमी काडतुसातील दारू तेवढ्या नळीत जळावी, अशीच सारी योजना असते. नळी बरीच कापली तर दारू पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते. तोंडाशी ज्वाळा आणि कानठळ्या बसविणारा आवाज होतो, गोळीचा वेग घटतो आणि पिस्टनला ढकलणाऱ्या गॅसचा अवधी तोकडा पडल्याने यंत्राचे चक्रच बिघडू शकते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने आपली रायफल आखूड केली तेव्हा हाच अनुभव आला. त्यांना नळीच्या तोंडावर आवाज व ज्वाळा आवरणारी खास जोडणी बसवावी लागली. सोव्हिएत आरेखकांनी १९७० च्या दशकात कलाश्निकोव्हची आखूड आवृत्ती केली, तेव्हा त्यांनाही नळीच्या तोंडाशी गॅस फुगण्यासाठी स्वतंत्र कोठी द्यावी लागली. ‘इन्सास’ कार्बाइनचे पहिले नमुने सैन्याला समाधानकारक वाटले नाहीत.

येथे पाषाणच्या आरेखकांनी जो मार्ग घेतला, तो माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मौलिक निर्णय होय. त्यांनी नळी कापण्याऐवजी काडतूसच नव्याने आखले : व्यास तोच ५.५६, पण कवचाची लांबी ४५ ऐवजी ३० मिमी. या छोट्या काडतुसाभोवती नवी कार्बाइन रचली गेली. मॅगझिन मुठीतून आत जाते आणि दस्ता सरकवून आत घेता येतो. शस्त्र सुमारे ३ किलोचे असून मिनिटाला ७०० गोळ्यांच्या गतीने मारा करते. ‘जॉइंट व्हेंचर प्रोटेक्टिव्ह कार्बाइन’ या लांबलचक नावाने ती ओळखली जाते. शस्त्र कानपूरचे, काडतूस खडकीचे. ७ डिसेंबर २०२० रोजी तिने सैन्याच्या चाचण्यांचा अखेरचा टप्पा पार केला.

दुसरा मार्ग संक्षेपाचा होता. ‘एक्सकॅलिबर’ ही त्याच रायफलीची, नळी मर्यादेत आखूड केलेली, दस्ता दुमडणारी आणि तीन गोळ्यांची मर्यादा काढून अखंड मारा देणारी आवृत्ती. ‘कालांतक’ हा त्याहून छोटा प्रयत्न. कादंबरीची पाने गाळून कथा होत नाही. कथेला तिची स्वतःची घडण लागते, हे आपण विद्यार्थ्यांना सांगत असतो. एक्सकॅलिबर ही संक्षिप्त आवृत्ती आहे, तर ३० मिमी काडतुसाची कार्बाइन ही वेगळ्या प्रकारातील स्वतंत्र रचना आहे. मात्र स्वतंत्र रचनेची किंमत तिला मोजावी लागली : नवे काडतूस म्हणजे नवा पुरवठा, आणि एका काडतुसावर चालणाऱ्या कुटुंबाची मूळ कल्पनाच त्यामुळे मोडली. ‘कुटुंब’ आणि ‘आखूडपणा’ या दोन मागण्या परस्परविरोधी होत्या, हे आरेखनाने सिद्ध केले. मागणी लिहिणाऱ्यांनी ते आधी ओळखले नव्हते.

५. नावे आणि कर्तृत्व

नावांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. प्रथम इंग्रजी आद्याक्षरे, मग ब्रिटनच्या आर्थर राजाची तलवार, मग शिवाच्या संहारक रूपाकडे निर्देश करणारे संस्कृत नाव. २०२१ साली एआरडीई आणि महूच्या इन्फन्ट्री स्कूलने मिळून पुढे आणलेले ९ मिमी मशीन पिस्तूल ‘अस्मी’, तर २०२४ ची ७.६२×५१ मिमी रायफल ‘उग्रम्’. आरेखन जसजसे अधिक आंतरराष्ट्रीय होत गेले, तसतसे नाव अधिक संस्कृत होत गेले. रशियन रायफल आरेखकाच्या नावाने जगभर ओळखली जाते. ‘इन्सास’चे कर्ते मात्र लोकगीताच्या कर्त्यांप्रमाणे अनामिक राहिले. अनामिकतेत नम्रता असते, पण उत्तरदायित्व विरून जाण्याची सोयही असते. कविता कोणाची हे ठाऊक नसले तर फारसे बिघडत नाही. चाप कोणाचा हे ठाऊक नसले तर बिघडते.

६. समारोप

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर कलाश्निकोव्ह धाटणीच्या रायफली घेतलेल्या दोन हल्लेखोरांपुढे पोलिसांच्या हाती लाठ्या आणि .३०३ रायफली होत्या. १९६२ मध्ये जे शस्त्र कालबाह्य ठरले, ते छेचाळीस वर्षांनीही महाराष्ट्राच्या राजधानीत वापरात होते. कुटुंबाची कल्पना, काडतुसांचे मतभेद, चाचण्यांच्या फेऱ्या यांची खरी मोजदाद त्या फलाटावर झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

त्यानंतरची वळणे थोडक्यात नोंदवितो. सैन्याने २०१९ साली ७२,४०० अमेरिकी ‘सिग’ रायफलींचा करार केला आणि डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळ कोरवा येथे सहा लाखांहून अधिक ‘एके-२०३’ बनविण्याचा. बंगळूरची ‘एसएसएस डिफेन्स’ ही खासगी कंपनी ‘पी-७२’ नावाचे स्वतःचे रायफल-कुटुंब घेऊन पुढे आली. २०२४ मध्ये ‘अस्मी’च्या ५५० नगांची मागणी नोंदविली गेली, म्हणजे पिस्तुलाचे ९ मिमी काडतूस परत आले. २०२५ मध्ये चार लाखांहून अधिक कार्बाइनच्या स्पर्धेत पुण्याच्या भारत फोर्जची, पाषाणमध्येच आखलेली कार्बाइन पुढे आली. तिचे काडतूस आहे ५.५६×४५ मिमी. ज्या अडचणीतून सुटण्यासाठी ३० मिमीचा मार्ग शोधला गेला, तेथेच इतिहास पुन्हा येऊन पोचला, यावेळी अधिक चांगले धातू, अधिक काटेकोर यंत्रे आणि अधिक अनुभव घेऊन.

म्हणून ‘स्वदेशी’ या शब्दाचा अर्थ आकृतीच्या मुळाशी शोधू नये, असे मला सुचवावयाचे आहे. आकृती सर्वांनी सर्वांकडून घेतल्या आहेत. परंपरा आपली होते ती आपण तिच्या दुसऱ्या आकड्याची, म्हणजे किती चूक खपेल या मर्यादेची, जबाबदारी स्वीकारतो तेव्हा. पीण्याच्या कारागिराला हे कोणी शिकवावे लागत नाही. मर्यादेबाहेर गेलेला भाग तो बाजूला टाकतो, कारण त्याचा भाग जेथे बसणार आहे तेथे तो स्वतः नसतो. आरेखकाने, कारखान्याने आणि मागणी लिहिणाऱ्या कार्यालयाने याच भावनेने काम केले असते, तर ‘इन्सास’चा इतिहास याहून आखूड आणि कमी वेदनेचा झाला असता.