महाराष्ट्र ओपन
पुण्यात २०१८ ते २०२३ या काळात पाच वेळा झालेली पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा. प्रायोजकामुळे ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ या नावाने ओळखली गेली. दर्जा एटीपी २५०. मैदान म्हाळुंगे-बालेवाडी क्रीडासंकुलातील हार्ड कोर्ट. १९९६मध्ये दिल्लीत सुरू होऊन पुढच्याच वर्षी चेन्नईला गेलेली स्पर्धा २०१८मध्ये पुण्यात आली. कोरोनामुळे २०२१मध्ये ती झाली नाही.

एकेरीत २८ खेळाडू असत. पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळे, चौघे पात्रता फेरीतून येत आणि तीन वाइल्ड कार्डे यजमानांच्या हाती असत. पुण्याच्या अर्जुन कढेला मुख्य फेरी याच वाटेने खेळता आली. सामने तीन सेटचे. विजेत्याला २५० गुण. दुहेरीत सोळा जोड्या असत आणि सेटची बरोबरी झाल्यास तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक होई.

एकेरीत कुणालाही विजेतेपद दुसऱ्यांदा मिळाले नाही. २०१८मध्ये फ्रान्सच्या जिल सिमाँने केव्हिन अँडरसनला ७-६, ६-२ असे हरवले. पुढच्या वर्षी अँडरसनने ते उट्टे काढले, पण समोर होता ३९ वर्षांचा इव्हो कार्लोविच. ७-६, ६-७, ७-६ : तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेलेला हा सामना बालेवाडीतील सर्वांत रंगलेली अंतिम लढत मानायला हवा. सहा फूट आठ इंच आणि सहा फूट अकरा इंच उंचीच्या दोघांच्या सर्व्हिसपुढे परतीच्या फटक्याला फारसा वावच उरला नव्हता. २०२०मध्ये यिरी वेसेलीने येगोर गेरासिमोवला, २०२२मध्ये पोर्तुगालच्या जुआंव सोझाने एमिल रुसुव्हुओरीला नमवले. या चारही अंतिम सामन्यांचा पहिला सेट विजेत्याने टायब्रेकवरच घेतला होता. २०२३मध्ये मात्र नेदरलँड्सच्या टॅलन ग्रिक्सपूरने पहिला सेट गमावूनही बेंजामिन बोन्झीवर ४-६, ७-५, ६-३ असा विजय मिळवला. एटीपी टूरवरचे त्याचे हे पहिलेच विजेतेपद.

भारतीय प्रेक्षकांना खरा आनंद दुहेरीने दिला. रोहन बोपण्णा दोनदा जिंकला : २०१९मध्ये दिविज शरणसोबत, २०२२मध्ये रामकुमार रामनाथनसोबत. २०२३च्या अंतिम फेरीत एन. श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुनचेळियन ही भारतीय जोडी बेल्जियमच्या सँडर झिले आणि योरान व्लीगन यांच्याकडून हरली.

२०२४च्या वेळापत्रकात ही जागा हाँगकाँगला गेली आणि दक्षिण आशियातील एकमेव एटीपी टूर स्पर्धा संपली. भारतीय टेनिसचे हे मोठे नुकसान आहे, कारण वाइल्ड कार्डाच्या बळावर घरच्या मैदानावर वरच्या क्रमांकाच्या खेळाडूंशी भिडण्याची संधी देशातल्या तरुण खेळाडूंना दुसऱ्या कोणत्याही स्पर्धेत मिळत नव्हती.